विरघळले, पण कशात?

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारला : ‘तेल पाण्यात का विरघळत नाही?’ उत्तर कागदावर लिहून द्यायचे होते. चिठ्ठ्या गोळा केल्या तेव्हा निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर एकच उत्तर होते : ‘तेल पाण्यापेक्षा हलके असते म्हणून.’ बाकीच्यांपैकी बहुतेकांनी ‘समान पदार्थ समान पदार्थात विरघळतो’ हा नियम लिहिला होता. पण समान म्हणजे कशात समान, असे विचारताच तेही थांबले.

पहिले उत्तर चुकीचे आहे. दुसरे बरोबर असले तरी अपुरे आहे. दोन्हींची तपासणी वर्गात, फारशा खर्चाशिवाय करता येते. औषधाच्या दुकानातून थोडे स्पिरिट, रंगाच्या दुकानातून थोडे टर्पेंटाइन आणि बाकी वस्तू स्वयंपाकघरातून आणल्या की झाले. स्पिरिट घेताना बाटलीवरचे लेबल मात्र वाचावे. त्यात अल्कोहोलचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर हवे. सॅनिटायझर या कामाला चालत नाही, कारण त्यात पाणी बरेच असते आणि तो दाट करण्यासाठी इतर पदार्थही घातलेले असतात.

वजनाचा काही संबंध नाही

एका परीक्षानळीत ५ मिलिलिटर स्पिरिट घ्या आणि त्यात शेंगदाण्याच्या तेलाचे चार थेंब सोडा. थेंब तळाशी जातात. तेल पाण्यापेक्षा हलके असले तरी स्पिरिटपेक्षा जड आहे. नळी हलवली तर तेलाचे बारीक थेंब होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा तळाशी जमतात. म्हणजे तेल वर तरंगले तरी विरघळत नाही आणि खाली बुडाले तरी विरघळत नाही.

आता त्याच नळीत ड्रॉपरने थोडे थोडे पाणी घालत जा आणि दर वेळी हलक्या हाताने ढवळा. एका विशिष्ट प्रमाणाला स्पिरिट आणि पाण्याच्या मिश्रणाची घनता तेलाच्या घनतेइतकी होते. मग तेलाचा थेंब ना वर येतो, ना खाली जातो; मधोमध गोल गोळी होऊन लोंबकळत राहतो. हे साधायला थोडी चिकाटी लागते, पण मुले ते दृश्य विसरत नाहीत. बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यांनी एकोणिसाव्या शतकात असेच तेलाचे गोळे तयार करून त्यांचा अभ्यास केला होता. येथे तेल आणि भोवतालचा द्रव यांची घनता सारखीच आहे, तरीही तेल विरघळलेले नाही. ‘हलके म्हणून विरघळत नाही’ हे उत्तर या एका थेंबापुढे टिकत नाही.

उलट बाजूही दाखवावी. स्पिरिट पाण्यापेक्षा बरेच हलके आहे, तरी ते पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते. तेव्हा तरंगणे किंवा बुडणे ही एक गोष्ट आणि विरघळणे ही दुसरी. त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

तीन द्रावक, सहा पदार्थ

आता मुलांचे गट करून प्रत्येक गटाला पुढील पदार्थ चिमूटभर द्या आणि ते पाणी, स्पिरिट व टर्पेंटाइन या तिन्हींत स्वतंत्रपणे घालून पाहायला सांगा. करून पाहण्याआधी अंदाज लिहून ठेवायला लावा. साधारणपणे असे दिसेल :

मीठ – पाण्यात भरपूर, स्पिरिटमध्ये नगण्य, टर्पेंटाइनमध्ये नाही.
साखर – पाण्यात भरपूर, स्पिरिटमध्ये अगदी थोडी, टर्पेंटाइनमध्ये नाही.
हळदीचा पिवळा रंग – पाण्यात फारसा उतरत नाही, पूड नुसती तरंगते, स्पिरिटमध्ये लगेच गडद पिवळा उतरतो, टर्पेंटाइनमध्ये फिका.
कापूर – पाण्यात नगण्य, स्पिरिटमध्ये भरपूर, टर्पेंटाइनमध्ये भरपूर.
चपडी लाख – पाण्यात नाही, स्पिरिटमध्ये हळूहळू, रात्रभर ठेवल्यास चांगली, टर्पेंटाइनमध्ये नाही.
मेणबत्तीचे मेण – पाण्यात नाही, स्पिरिटमध्ये नाही, टर्पेंटाइनमध्ये सावकाश.

यादीवरून एक गोष्ट चटकन लक्षात येते. ‘हा पदार्थ विद्राव्य आहे’ असे नुसते म्हणण्यात अर्थ नाही, ‘कशात?’ हा प्रश्न उरतोच. विद्राव्यता हा एकट्या पदार्थाचा गुण नाही, तो द्राव्य आणि द्रावक या जोडीचा गुण आहे. त्यातही ‘विरघळते’ व ‘विरघळत नाही’ असे दोनच कप्पे नसतात. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ आणि सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. तेवढ्याच शुद्ध इथाइल अल्कोहोलमध्ये मीठ एक दशांश ग्रॅमही विरघळत नाही. कापराचे नेमके उलटे. १०० मिलिलिटर पाण्यात तो पाव ग्रॅमही विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये जवळजवळ त्याच्या वजनाइतका विरघळतो.

रेणूंचा हिशेब

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण प्रभार आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन प्रभार असतो. अशा रेणूला ध्रुवीय म्हणतात. शेजारशेजारचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. मिठाच्या स्फटिकात सोडियमचे धन आयन आणि क्लोरिनचे ऋण आयन एकमेकांना घट्ट बिलगून असतात. त्यांना सुटे करायला बरीच ऊर्जा लागते. पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाभोवती योग्य बाजूने गोळा होतात आणि ही किंमत चुकती करतात. अल्कोहोलला ते तितकेसे जमत नाही. दोन प्रभारांमधले आकर्षण पाण्यात निर्वाताच्या तुलनेने सुमारे ऐंशी पटींनी कमी होते, तर इथाइल अल्कोहोलमध्ये सुमारे पंचवीस पटींनीच.

तेल पाण्यात का जात नाही, याचे कारणही इथेच आहे. पाणी तेलाचा ‘द्वेष’ करते असे नव्हे. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके धरून असतात, की तेलाच्या मोठ्या रेणूला जागा करून देताना त्यांची आपसांतली मांडणी बिघडते आणि त्या बदल्यात तेलाकडून फारसे काही मिळत नाही. टर्पेंटाइनचे रेणू अध्रुवीय असतात आणि एकमेकांना फार जोराने धरत नाहीत. त्यांच्यात मेण, कापूर, तेल यांना सहज वाट मिळते. मिठाला मात्र तिथे कोणीच विचारत नाही.

या दोघांच्या मध्ये अल्कोहोल उभे आहे. इथाइल अल्कोहोलच्या रेणूला एका टोकाला पाण्यासारखा ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट आहे आणि दुसऱ्या टोकाला दोन कार्बनची, तेलाशी नाते सांगणारी शेपटी आहे. डोके पाण्याच्या घरचे आणि शेपटी तेलाच्या घरची. म्हणून ते पाण्यातही मिसळते आणि कापूर, लाख, हळदीचा रंग यांनाही सामावून घेते.

हे स्पष्टीकरण खरे असेल तर शेपटी लांबवल्यावर पाण्याशी असलेली मैत्री कमी व्हायला हवी. तशी ती होतेही. एक, दोन आणि तीन कार्बनची अल्कोहोले पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतात. सरळ साखळीच्या चार कार्बनच्या ब्युटेनॉलचे १०० मिलिलिटर पाण्यात सात-आठ ग्रॅमच विरघळतात. पाच कार्बन झाले की सुमारे २ ग्रॅम, सहाला अर्ध्या ग्रॅमच्या थोडे वर आणि आठला जेमतेम ग्रॅमचा विसावा भाग. डोके तेच राहते. शेपटी वाढत जाते आणि शेवटी तीच वरचढ ठरते.

एरंडेलाचे कोडे

आता ‘समान समानात विरघळते’ या नियमाची खरी परीक्षा घेऊ. शेंगदाण्याचे तेल स्पिरिटमध्ये विरघळत नाही, हे पाहिलेच. त्याच जागी १ मिलिलिटर एरंडेल ५ मिलिलिटर स्पिरिटमध्ये घालून हलवा. एरंडेल नाहीसे होते आणि स्वच्छ, पारदर्शक द्रावण मिळते. (स्पिरिटमध्ये पाणी जास्त असेल तर ते गढूळ राहील.) दोन्ही तेलेच आहेत, दोन्ही बियांतूनच काढलेली आहेत. मग हा भेद का?

मुलांना थोडा वेळ विचार करू द्यावा आणि मगच रेणूची गोष्ट सांगावी. एरंडेलातील मेदाम्लांपैकी सुमारे नव्वद टक्के भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो. त्याच्या अठरा कार्बनच्या साखळीत बाराव्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक गट लटकलेला असतो, म्हणजे अल्कोहोलच्या डोक्यासारखेच एक डोके. शेंगदाण्याच्या तेलातल्या साखळ्यांना असे डोके नसते. एरंडेल इतर तेलांपेक्षा इतके दाट आणि चिकट का असते, याचेही उत्तर याच गटात आहे : शेजारचे रेणू या डोक्यांनी एकमेकांना धरून ठेवतात. पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या द्रावकांत इतर तेले सहज मिसळतात, एरंडेल मात्र कुरकुरते.

म्हणजे नियमातले ‘समान’ हे नावावरून, दिसण्यावरून किंवा चिकटपणावरून ठरत नाही. रेणूच्या कोणत्या भागावर प्रभार आहे, तो हायड्रोजन बंध करू शकतो का आणि त्याचा उरलेला भाग किती मोठा आहे, यांवरून ते ठरते. हे कळल्यावर नियम पाठ करावा लागत नाही, तो वापरता येतो.

आत गेलेले बाहेर काढणे

आणखी दोन प्रयोग जोडीने करावेत. पहिल्यात मिठाचे संपृक्त द्रावण गाळून १० मिलिलिटर घ्या आणि त्यात तितकेच स्पिरिट ओता. स्वच्छ द्रवात पांढरे कण दिसू लागतात आणि तळाशी बसतात. हे मीठच आहे. पाण्याचे रेणू अल्कोहोलशी गुंतले आणि मिठाला सांभाळायला पुरेसे उरले नाहीत. दुसऱ्यात कापराची एक वडी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून ते द्रावण पेलाभर पाण्यात ओता. कापूर पांढऱ्या कणांच्या रूपाने लगेच बाहेर पडतो. एकीकडे स्पिरिटने मिठाला पाण्यातून बाहेर काढले, तर दुसरीकडे पाण्याने कापराला स्पिरिटमधून.

डेटॉल पाण्यात टाकताच दुधाळ होते, त्यामागेही मुख्यतः हेच आहे. बाटलीतले जंतुनाशक आणि सुवासिक तेले अल्कोहोल व साबणाच्या आधाराने विरघळलेली असतात. पाणी वाढले की त्यांचे अतिसूक्ष्म थेंब सुटतात आणि त्यांवरून प्रकाश विखुरतो. सुतार लाख स्पिरिटमध्ये भिजवून पॉलिश करतात, तेव्हा स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा पातळ, चकचकीत थर लाकडावर उरतो. अशा लाकडावर दारू किंवा सॅनिटायझर सांडला तर डाग का पडतो, हे मुलांना आता सांगता यायला हवे.

द्रावक उडून जात नाही तेव्हा

पॉलिशमधले द्रावक उडून जाते. औषधातले द्रावक मात्र औषधाबरोबर पोटात जाते. हा फरक लक्षात न घेतल्याची फार मोठी किंमत लोकांनी मोजली आहे.

पॅरासिटामॉलचे उदाहरण घेऊ. खोलीच्या तापमानाला १ मिलिलिटर पाण्यात त्याचे सुमारे १४ मिलिग्रॅम विरघळतात, म्हणजे ५ मिलिलिटरच्या चमच्यात सुमारे ७०. मुलांच्या पातळ औषधात मात्र एका चमच्यात १२५ मिलिग्रॅम द्यायचे असतात. मग एकतर न विरघळलेली बारीक पूड द्रवात तरंगत ठेवून ‘बाटली हलवून घ्या’ असे लिहावे लागते, किंवा पाण्याच्या जोडीला ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल यांसारखे दुसरे द्रावक घालावे लागते. या दोन्हींच्या रेणूंत डोकी एकाहून अधिक आणि शेपटी आखूड, म्हणून ती पाण्यात पूर्ण मिसळतात आणि औषधालाही आधार देतात.

डायएथिलीन ग्लायकॉल हा आणखी एक द्रव अगदी तसाच आहे. तोही रंगहीन, दाटसर, चवीला गोड आणि पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळणारा. विद्राव्यतेच्या कसोटीवर तो उत्तम उतरतो, पण शरीरात गेल्यावर मूत्रपिंडे निकामी करतो.

१९३७ साली अमेरिकेतल्या एका कंपनीला सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात विकायचे होते. ते पाण्यात फारसे विरघळेना आणि अल्कोहोलमध्येही पुरेसे विरघळेना. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाला आढळले, की डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये ते चांगले विरघळते. रंग, वास आणि चव तपासली गेली. ते विषारी आहे का, हे तपासले गेले नाही. त्या काळच्या कायद्याने तशी सक्तीही नव्हती. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत बरीच मुले होती. माल जप्त करायला सरकारला जो आधार सापडला, तोही विलक्षण होता : बाटलीवर ‘एलिक्झिर’ लिहिले होते, एलिक्झिर म्हणजे अल्कोहोल असलेले औषध आणि यात तर अल्कोहोल नव्हतेच! लेबल खोटे ठरले म्हणून माल जप्त करता आला. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचे दाखवणे बंधनकारक करणारा कायदा तिथे झाला.

ही गोष्ट तिथेच संपली असती तर बरे झाले असते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रवाची भेसळ असलेले ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधामुळे वीसहून अधिक मुले गेली. त्या औषधातही हाच द्रव सापडला. आजारी पडलेल्या मुलांपैकी अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते.

मिथाइल अल्कोहोलची कथा वेगळी नाही. इथाइल अल्कोहोलपेक्षा त्यात एकच कार्बन कमी. दिसायला तसेच आणि पाण्यात तितकेच मिसळणारे, पण शरीरात त्यापासून फॉर्मिक आम्ल तयार होते आणि दृष्टी जाते, जीवही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती या मिथाइल अल्कोहोलमुळेच. विरघळलेला पदार्थ डोळ्यांना दिसत नाही. ‘विरघळला’ म्हणजे ‘नाहीसा झाला’ असे मुलांच्या मनात राहू नये, ते यासाठी.

वर्गात घ्यायची काळजी

हिरव्या पानातील हरितद्रव्य स्पिरिटने काढून आयोडीनने स्टार्च ओळखण्याचा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. आम्ही शाळेत असताना हा प्रयोग चालू असताना स्पिरिटचे चंचुपात्र सरळ ज्योतीवर ठेवले गेले आणि भडका उडाला. ओले फडके टाकल्याने निभावले. इथाइल अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टेबलावरून सरपटत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. त्याची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. म्हणून आधी पाणी उकळून घ्यावे, ज्योत विझवावी आणि मगच स्पिरिट व पान असलेली परीक्षानळी त्या गरम पाण्यात उभी करावी.

वरचे सर्व प्रयोग ज्योतीशिवाय, खिडक्या उघड्या ठेवून आणि पाच-दहा मिलिलिटर द्रवातच करावेत. कोणतेही द्रावक चाखू देऊ नये. दुकानातल्या स्पिरिटमध्ये पिण्याला अयोग्य करण्यासाठी विषारी पदार्थ मिसळलेले असू शकतात. जुन्या पुस्तकांत बेंझीन आणि कार्बन टेट्राक्लोराइड वापरायला सांगितलेले आढळते. पहिल्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो आणि दुसरे यकृताला घातक आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात जुन्या बाटल्या असतील तर त्या उघडू नयेत. पेट्रोल तर वर्गात आणूच नये.

‘पाणी हे वैश्विक द्रावक आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी फळ्यावर लिहिले आहे. ते लिहिले तरी त्याखाली तीन प्रश्न जरूर लिहावेत : काय विरघळवायचे आहे? किती? आणि द्रावक पुढे कुठे जाणार आहे? पहिल्या दोघांची उत्तरे परीक्षानळीत मिळतात. तिसऱ्याचे उत्तर तिथे मिळत नाही. म्हणून तो विचारण्याची सवय शाळेतच लागलेली बरी.